मेंदूतील रक्तस्रावावर दिलेले औषध लागू पडले की नाही, हे सीटी स्कॅनवरून कळते का?

गोदाकाठ (गंगाखेड तालुका)

नमस्कार. प्रश्न वडिलांच्या आजारपणातून आला आहे, पण मला उपचारांचा सल्ला नको आहे. एक गोष्ट समजून घ्यायची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वडील ६२ वर्षांचे आहेत. त्यांना बीपीची गोळी चालू होती, परंतु ज्वारीच्या काढणीच्या धांदलीत पंधरा-वीस दिवस ती घेतलीच गेली नव्हती, हे आम्हाला नंतर कळले. सकाळी साडेसहाच्या सुमारास रानात असतानाच त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे अडखळू लागले. अंगावरून वारे गेले, असे गावात सगळे म्हणाले. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात साडेआठला सीटी स्कॅन झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्तस्राव झाल्याचे दिसले. चुलत भाऊ छत्रपती संभाजीनगरला राहत असल्यामुळे आम्ही सव्वानऊला तिकडे निघालो आणि एकच्या सुमारास पोहोचलो. तेथे वरचा रक्तदाब २१० होता. दीड वाजता रक्तस्राव थांबवण्यासाठी ट्रानेक्झामिक ॲसिडचे इंजेक्शन सुरू झाले, आणि रक्तदाब उतरवण्याचे औषधही सुरू केले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुसरा स्कॅन झाला व सहाव्या दिवशी तिसरा.

पहिल्या रिपोर्टात साकळलेल्या रक्ताच्या गाठीचे माप ४.२ × ३.६ × २.५ सेंटीमीटर असे आहे आणि दुसऱ्यात ४.६ × ४.० × ३.० असे. तिसऱ्यात गाठ जवळपास तेवढीच आहे, पण भोवतीची सूज वाढल्याचे लिहिले आहे. भावाचे म्हणणे असे की गाठ वाढली, म्हणजे इंजेक्शन वाया गेले. वॉर्डातल्या डॉक्टरांचे म्हणणे असे की औषधाने काम केले, नाही तर गाठ आणखी वाढली असती. दोघेही त्याच फिल्मकडे बोट दाखवून अगदी उलट बोलतात. यांपैकी बरोबर कोण आहे? एमआरआय केल्यास याचा निकाल लागेल का? आणि गेल्या वर्षी मामांना लकवा मारला तेव्हा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले होते आणि ते संध्याकाळपर्यंत हात हलवू लागले होते. ते इंजेक्शन वडिलांना का दिले नाही, असे घरात सारखे विचारले जाते, त्याचेही उत्तर कोणी दिल्यास बरे होईल.

काळी-पांढरी फिल्म (नांदेड)

मी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुम्ही मापे आणि वेळा दोन्ही दिल्या आहेत, त्यामुळे मोघम न बोलता उत्तर देता येईल. बहुतेक नातेवाईक फक्त "गाठ वाढली" एवढेच सांगतात.

प्रथम मापाविषयी. रिपोर्टातल्या तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून दोनाने भागले की गाठीचे घनफळ मिळते. गाठ लंबगोल आहे असे धरून केलेला हा हिशेब १९९६ पासून जगभर रूढ आहे. तुमच्या पहिल्या स्कॅनचे उत्तर १८.९ मिलिलीटर येते आणि दुसऱ्याचे २७.६, म्हणजे वाढ सुमारे पावणेनऊ मिलिलीटरची, टक्केवारीत ४६ टक्के. संशोधनात साधारणपणे एक-तृतीयांशाहून अधिक किंवा ६ मिलिलीटरहून अधिक वाढ झाली तरच गाठ वाढली असे म्हणतात. या दोन्ही कसोट्यांवर तुमच्या वडिलांची गाठ वाढलेली ठरते.

आता या आकड्यांवर किती विसंबायचे ते पाहू. तिसरा आकडा, म्हणजे गाठीची उंची, पट्टी लावून मोजत नाहीत. मेंदूच्या बहुधा पाच मिलिमीटर जाडीच्या आडव्या चकत्यांची चित्रे घेतलेली असतात आणि गाठ किती चकत्यांत दिसते ते मोजतात. २.५ सेंटीमीटर म्हणजे पाच चकत्या आणि ३.० म्हणजे सहा. दुसऱ्या स्कॅनमधल्या गाठीच्या बाबतीत एकट्या चकतीची किंमत साडेचार मिलिलीटरहून थोडी अधिक भरते. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या चकतीत गाठ पुसट, लहानशी दिसते. ती पूर्ण धरायची, अर्धी धरायची की सोडून द्यायची, याचा नियम आहे, पण घाईच्या रिपोर्टात तो पाळला जातोच असे नाही. रुग्णाचे डोके यंत्रात थोडे वेगळ्या कोनात ठेवले गेले तरी हिशेब बदलतो. तुमच्याकडे तर दोन गावांतली दोन यंत्रे आहेत आणि वाचणारेही दोन. लांबी आणि रुंदी दोन्ही वाढल्या असल्याने वाढ झाली हे मी मान्य करीन, पण ती पाच मिलिलीटरची होती की नऊची, हे छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणूनच औषधांच्या मोठ्या चाचण्यांत सगळे स्कॅन एका ठिकाणी मागवतात आणि कोणत्या रुग्णाला औषध मिळाले हे वाचणाऱ्याला कळू न देता संगणकावर चकतीगणिक गाठीची कड आखून घनफळ काढतात.

परंतु मापापेक्षा घड्याळ अधिक महत्त्वाचे आहे आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे, असे मला वाटते. पहिला स्कॅन साडेआठचा आहे आणि इंजेक्शन दीडचे, म्हणजे मध्ये पाच तास गेले. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे १०३ रुग्णांचा तीन तासांच्या आत पहिला स्कॅन करून पुढची वाढ मोजली गेली होती, आणि तो अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २६ टक्के रुग्णांची गाठ पहिल्या स्कॅननंतरच्या एका तासातच एक-तृतीयांशाहून अधिक वाढली आणि आणखी १२ टक्क्यांची त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत वाढली. म्हणजे ही वाढ मुख्यतः सुरुवातीच्या तासांत होते, आणि तुमच्या वडिलांचे ते तास रस्त्यावर गेले. गाठीची वाढ जालन्याच्या अलीकडेच होऊन थांबली असणे अगदी शक्य आहे. तसे असेल, तर जी वाढ इंजेक्शन सुरू होण्याआधीच झाली, तिचा दोष इंजेक्शनवर टाकता येत नाही. औषधाचे काम तपासायचे तर औषध देण्याच्या लगेच आधीचे चित्र लागते. ते तुमच्याकडे नाही, त्यामुळे या तीन फिल्मवरून भावाचे म्हणणे सिद्ध होत नाही आणि डॉक्टरांचेही होत नाही.

सहाव्या दिवशीची सूज म्हणजे नवा रक्तस्राव नव्हे. पांढऱ्या गाठीभोवती जे काळे कडे दिसते ते पाण्याचे असते आणि ते साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाढत जाते. पुढे काही आठवड्यांत गाठीचा पांढरेपणा कमी होऊन ती सीटीत आजूबाजूच्या मेंदूसारखी दिसू लागते, तेव्हा औषधाने गाठ विरघळली असे म्हणणारे भेटतील. ते शरीराचे नेहमीचे काम आहे, औषध दिले नसते तरी तसेच झाले असते.

मांजराकाठचा फिजिशियन (लातूर)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. एका रुग्णाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी औषधाआधीचा स्कॅन मिळाला असता तरी सुटली नसती. औषध न देता याच माणसाची गाठ किती वाढली असती, हे कोणालाही पाहता येत नाही. बऱ्याच रुग्णांची गाठ काहीही न देता आपोआप थांबते. त्यामुळे गाठ थांबली म्हणून औषध चांगले आणि वाढली म्हणून औषध फुकट, हे दोन्ही तर्क एकट्या माणसावर चालत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडून एकाला औषध व दुसऱ्याला तसेच दिसणारे पाणी द्यावे लागते आणि मग दोन्ही गटांचे स्कॅन ताडून पाहावे लागतात.

तुमच्या वडिलांना दिलेल्या ट्रानेक्झामिक ॲसिडची अशी चाचणी झालेली आहे. टिच-२ या नावाने ती १२ देशांत २,३२५ रुग्णांवर झाली, औषध रक्तस्रावानंतर आठ तासांच्या आत दिले गेले आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना औषध मिळाले त्यांच्यापैकी २५ टक्क्यांची गाठ वाढली आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापैकी २९ टक्क्यांची. सरासरी वाढ औषधाच्या गटात ३.७ मिलिलीटर होती व दुसऱ्यात ४.९. म्हणजे स्कॅनवर औषधाचा परिणाम दिसला, पण तो लहान होता. पहिल्या सात दिवसांतले मृत्यूही थोडे कमी झाले. मात्र तीन महिन्यांनी माणूस स्वतः चालतो का, जेवतो का, घरातली कामे करतो का, हे पाहिले तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही आणि मृत्यूंचे प्रमाणही जवळजवळ सारखेच झाले होते. आपल्याकडे हे इंजेक्शन स्वस्त आहे आणि अनेक ठिकाणी दिले जाते. त्याला चूक म्हणता येणार नाही, पण ते दिल्यामुळे माणूस वाचला असे सांगण्याइतका आधारही नाही.

याहून बोलके उदाहरण रक्त गोठवणाऱ्या सातव्या घटकाचे आहे. २००५ साली ३९९ रुग्णांच्या चाचणीत या महागड्या इंजेक्शनने गाठीची वाढ स्पष्टपणे रोखली आणि मृत्यूही घटले, त्यामुळे सगळीकडे आशा निर्माण झाली. २००८ साली ८४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. स्कॅनवरचा परिणाम तेथेही टिकला, परंतु मृत्यू आणि गंभीर अपंगत्व यांत काहीच सुधारणा झाली नाही, उलट अधिक मात्रेच्या गटात धमन्या बंद होण्याच्या घटना वाढल्या. फिल्म सुधारली, माणूस सुधारला नाही. याचे एक कारण गाठीची जागा हे आहे. खोलवरच्या ज्या भागातून हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंची जुडी उतरते, तेथे पहिल्या तासात झालेली हानी नंतर तीन-चार मिलिलीटर रक्त कमी सांडले म्हणून भरून निघत नाही.

मामांच्या इंजेक्शनविषयी: त्यांची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती आणि तुमच्या वडिलांची फुटली होती. बाहेरून दोन्ही लकवेच दिसतात. हा फरक खात्रीने दाखवते ते चित्र, आणि माझ्या मते या आजारात स्कॅनचे सर्वांत मोठे काम तेच आहे. गुठळी विरघळवणारे औषध फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाला शिरेतून दिले तर रक्तस्राव बळावतो. गंमत अशी की तेच अल्टेप्लेस हे औषध बारीक नळीवाटे थेट मेंदूतील गाठीत सोडून ती पातळ करून बाहेर काढण्याचा प्रयोगही झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत पुन्हा पुन्हा सीटी काढून गाठ १५ मिलिलीटरच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट होते. एकूण रुग्णांत फायदा सिद्ध झाला नाही. ज्यांची गाठ तेवढी खाली आली त्यांचे हाल कमी झाले असे दिसले, पण ते कदाचित मुळातच बरे होण्यासारखे रुग्ण असतील.

औषधशास्त्राचा मास्तर (अंबाजोगाई)

लातूरच्या डॉक्टरसाहेबांचा सगळा तपशील बरोबर आहे, पण त्यातून स्कॅनचे माप म्हणजे फसवी गोष्ट, असा समज होऊ नये असे मला वाटते. तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीतला फरक पकडायला हजारो रुग्ण लागतात, गाठीच्या वाढीतला फरक काही शे रुग्णांत चोवीस तासांत कळतो. एखादे नवे औषध मुळात रक्त थांबवतेच का, हे आधी थोडक्यात पाहून मगच मोठ्या चाचणीचा खर्च करायचा, यात गैर काय? २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णालयांत आणि लकव्याच्या रुग्णांसाठीच्या फिरत्या वाहनात दोन तासांच्या आत ट्रानेक्झामिक ॲसिड दिले तरी गाठीची वाढ कमी झाली नाही, हे स्कॅननेच सांगितले. "लवकर द्या म्हणजे लागू पडेल" हे बोलायला सोपे वाटणारे गृहीतक त्यामुळे तपासले तरी गेले.

शिवाय औषधाने अपाय झाला का, हेही चित्रातच दिसते. रक्त गोठवणाऱ्या औषधाने इतरत्र बारीक वाहिन्या बंद पडतील अशी रास्त भीती असते. टिच-२ मधल्या काही रुग्णांचा पाचव्या दिवशी एमआरआय करून असे ताजे ठिपके शोधले गेले आणि औषधाच्या गटात ते जास्त आढळले नाहीत. रुग्णाच्या तोंडून ही माहिती कधीच मिळाली नसती, कारण अशा बारीक ठिपक्यांची लक्षणे बहुधा जाणवतच नाहीत.

मांजराकाठचा फिजिशियन (लातूर)

सर, मान्य आहे. माझा आक्षेप स्कॅनवर नाही, स्कॅनपाशीच थांबण्यावर आहे. चाचणीची पहिली पायरी म्हणून माप उत्तमच आहे, परंतु वॉर्डात आम्ही नातेवाइकांना दुसरी फिल्म दाखवून "बघा, औषधाने गुण आला" म्हणतो, तेव्हा ती पायरी आम्हीच विसरलेलो असतो. मीही असे बोललेलो आहे.

अंबडची लेक

मी डॉक्टर नाही. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी असाच रक्तस्राव झाला. तिच्या हृदयात स्टेंट असल्यामुळे ॲस्पिरिन चालू होते, ते बंद केले गेले. नंतर एमआरआयमध्ये मेंदूत जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे काळे ठिपके दिसले आणि आता ॲस्पिरिन कधीच देता येणार नाही असे एका ठिकाणी सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी देता येईल असे सांगितले. फिल्मचे ते मोठे पाकीट आम्ही सातबाऱ्याच्या कागदांसोबत पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांकडे घेऊन जातो. ठिपके पाहून हा निर्णय खरोखर करता येतो का?

काळी-पांढरी फिल्म (नांदेड)

ताई, त्या ठिपक्यांत जुन्या रक्ताचे लोह साठलेले असते आणि ते एमआरआयमध्ये वर्षानुवर्षे दिसत राहते. हेच ठिपके सीटीत दिसत नाहीत. तुम्ही विचारता त्या प्रश्नावर ब्रिटनमध्ये रिस्टार्ट नावाची चाचणी झाली आणि ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तस्रावानंतर ५३७ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲस्पिरिनसारखे औषध पुन्हा सुरू केले, निम्म्यांना नाही. भीती होती तसे पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण वाढले नाही, औषधाच्या गटात ते ४ टक्के होते आणि दुसऱ्यात ९ टक्के. ज्यांचा एमआरआय झाला होता त्यांत ठिपके असलेले व नसलेले असे वेगळे पाहिले, तरी औषधाचा परिणाम बदलत असल्याचे आढळले नाही. संख्या लहान असल्याने यावर शेवटचा शिक्का मारता येत नाही, परंतु केवळ ठिपके पाहून कायमची बंदी घालण्याला आधार नाही, एवढे म्हणता येते. आईंचा निर्णय त्यांच्या हृदयाचा धोका, रक्तदाब किती आटोक्यात आहे आणि गाठ मेंदूच्या कडेला होती की खोलवर, हे पाहून त्यांच्या डॉक्टरांनीच करायचा आहे.

गोदाकाठ, तुमचा एमआरआयचा प्रश्नही यातच येतो. रक्तस्रावाचे कारण शोधायला एमआरआय उपयोगी पडतो, विशेषतः गाठ कडेला असेल किंवा रुग्णाला रक्तदाबच नसेल तेव्हा. दीड वाजता दिलेल्या इंजेक्शनने काय केले, हे तो आता सांगू शकणार नाही. त्यासाठी खर्च करू नका.

गोदाकाठ (गंगाखेड तालुका)

सर्वांचा आभारी आहे. भावाला हा धागा वाचायला दिला, त्याचा राग थोडा निवळला आहे. आता माझा एकच उपप्रश्न आहे. ते पाच तास रस्त्यात गेले नसते किंवा रस्त्यातच काही देता आले असते, तर काही फरक पडला असता का?

मांजराकाठचा फिजिशियन (लातूर)

तुमच्या वडिलांबाबत मी सांगू शकत नाही, पण गटांबाबत जे माहीत आहे ते सांगतो. रक्तस्रावाच्या रुग्णांत वरचा रक्तदाब लवकर, पण मोठे चढउतार न होऊ देता १४० च्या आसपास आणून तेथे स्थिर ठेवणे, ही सध्याची रीत आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-३ या चाचणीत सात हजारांहून अधिक रुग्ण होते आणि तिच्यात भारतातील रुग्णालयेही होती. रक्तदाब तासाभरात उतरवणे, साखर व ताप आटोक्यात ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उलटवणे, एवढ्या साध्या गोष्टी एकत्र व वेळेवर केल्यावर सहा महिन्यांनी रुग्णांची स्थिती खरोखर सुधारलेली दिसली. येथे मोजमाप फिल्मचे नव्हते, माणसाचे होते.

पुढच्या वर्षी चीनमधील रुग्णवाहिकांमधली चाचणी प्रसिद्ध झाली. स्कॅन होण्याआधीच, रस्त्यातच रक्तदाब उतरवला, तर रक्तस्राव झालेल्यांना फायदा झाला आणि वाहिनी बंद झालेल्यांना तोटा, त्यामुळे एकूण गोळाबेरीज शून्य आली. यातून आपल्यासाठी निघते ते असे की मराठवाड्यात जेथे पहिला स्कॅन होतो आणि रक्तस्राव आहे हे कळते, तेथेच, पुढे पाठवण्याआधी, रक्तदाबाचे इंजेक्शन सुरू करायला हवे. निदान हाती असताना चार तास वाट पाहण्याचे कारण नाही. लॅबेटालॉलसारखे औषध काही दुर्मीळ नाही. तुमच्याकडे पहिल्या ठिकाणची संदर्भ चिठ्ठी असेल, तर तिच्यावर रक्तदाब आणि दिलेली औषधे लिहिलेली असतात. ती एकदा पाहा.

गोदाकाठ (गंगाखेड तालुका)

चिठ्ठी पाकिटातच होती. आठ पन्नासला रक्तदाब २२०/१२० लिहिला आहे. स्कॅनचा निष्कर्षही लिहिला आहे. त्याखाली दिलेल्या औषधांसाठी तीन ओळी सोडलेल्या आहेत आणि त्या कोऱ्या आहेत. पुढच्या मंगळवारी संभाजीनगरला दाखवायचे आहे, तेव्हा फिल्मसोबत ही चिठ्ठीही नेतो. वडील काठी धरून ओट्यापर्यंत येतात. उजव्या हाताने भाकरी मोडता येत नाही अजून. बीपीची गोळी आई स्वतः हातावर ठेवते, आणि काल संध्याकाळी वरचा आकडा १३२ होता.